पाठीराखा

टक्. टक् टक्.

नेडने चमच्याच्या पाठीने अंड्याचं डोकं फोडलं, आणि काल संध्याकाळपासून घरात दबा धरून बसलेली शांतता त्या एवढ्याशा आवाजाने तडकली.

हेस्टरने किटलीवरून नजर वर केली. समोर जाईल्स टोस्टला लोणी लावत होता. लावून झालं होतं तरी लावतच होता. काल थोरल्या दिराचा, ऑब्रीचा, फोन येऊन गेल्यापासून नवराबायकोत जे काही बोलणं झालं ते कोंबड्यांचं दाणापाणी, धाकट्या टिलीचं दूध आणि चर्चला निघायची वेळ, एवढ्यापुरतंच. भांडण मोठं असलं की जाईल्स आवाज चढवत नाही, हातातली सुरी सावकाश चालवतो, हे तेरा वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं.

"आज तीन अंडी खाल्ली तर चालतील?" नेडने विचारलं. "ईस्टर आहे म्हणून?"

"दोन," हेस्टर म्हणाली.

"तीन," जाईल्स त्याच क्षणी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर वळवली. नेडने दोघांकडे पाहिलं. मग त्याने तिसरं अंडं उचललं, नीट सोललं आणि टिलीच्या ताटलीत ठेवलं. म्हणजे अंडी तीनच संपली आणि त्याने दोनच खाल्ली. टिलीने ते लगेच जमिनीवर फेकलं, ती गोष्ट वेगळी.

हेस्टर ते उचलायला वाकली. बारा वर्षांचं पोर, आणि दोन माणसांच्या मधली जागा इतकी अचूक शोधून काढतं. ही कला त्याने कोणाकडून उचलली ते विचारायला नको होतं. ती कला समोर बसून टोस्टला लोणी लावत होती.

शाळेचा प्रश्न कधी नव्हताच. थर्लोंची मुलं एकाच शाळेत जात आली होती, आणि येत्या सप्टेंबरात नेडही जाणार होता. प्रश्न हाऊसचा होता. त्या शाळेत मुलगा नुसता शिकत नाही, एका हाऊसमध्ये पाच वर्षं राहतो. तिथेच जेवतो, झोपतो, त्याच हाऊससाठी चिखलात लोळून खेळतो. पुढे केस पिकल्यावरही दोन म्हातारे भेटले की शाळा विचारत नाहीत, "हाऊस कुठलं?" असंच विचारतात. आणि थर्लो म्हणजे ब्रॅकेट हाऊस. सासरे ब्रॅकेटचे, ऑब्री ब्रॅकेटचा, जाईल्स ब्रॅकेटचा, आता ऑब्रीचा रोलो ब्रॅकेटमध्ये. तिथल्या जेवणघरातल्या लाकडी फळ्यांवर इतके थर्लो कोरलेत, की सासरे म्हणायचे, आमच्या घराण्याला वेगळं थडगं नको.

हे सगळं ठाऊक असून हेस्टर गुरुवारी कोणाला न सांगता नेडला घेऊन डेंट हाऊस बघून आली होती. तिथले हाऊसमास्तर मिस्टर लोव्हेल गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहून तळं साफ करत होते. सुरुवातीला ते हेस्टरशी जेमतेम दोन वाक्यं बोलले आणि मग त्यांनी नेडला विचारलं, बेडकाची अंडी आणि भेकाची, म्हणजे त्या खरखरीत अंगाच्या बेडकाची, अंडी यात फरक कसा ओळखतात? नेडला सांगता आलं. परतताना गाडीत तिने विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "छान आहे." उकडलेल्या कोबीलाही तो छान आहेच म्हणत असे.

मिस्टर लोव्हेलांकडे एकच जागा उरली होती. "ईस्टरच्या संध्याकाळपर्यंत कळवा," ते म्हणाले होते. "त्यानंतर मला दुसऱ्या एका आईला हो म्हणावं लागेल."

आणि अशा गोष्टी लपून थोड्याच राहतात! शनिवारी ऑब्रीचा फोन: "उद्या जेवायला येतो. रोलोलाही आणतो. हे काय ते मिटवून टाकू."

जाईल्सने फोनवर काय उत्तर दिलं ते हेस्टरने ऐकलं होतं. "हो, ऑब्री."

*

चर्चहून परतून बटाटे भट्टीत सरकवते न सरकवते तोच ऑब्रीची काळी गाडी सफरचंदांच्या बागेतून खाली आली. झाडं अजून उघडीच होती, कळ्यांची टोकं तेवढी तांबडी झालेली. मागच्या कुरणातून सिसिली चालत येताना दिसली, हातात फडक्याखाली रूबार्बच्या आंबट देठांचा गोड पाई. सिसिली ही दोघा भावांची एकुलती बहीण, छत्तिशीची, बिनलग्नाची. ती मधमाश्या पाळायची आणि माणसांपेक्षा त्यांच्याशी जपून बोलायची.

ऑब्री दारातून आत आला. "ईस्टरच्या शुभेच्छा, सगळ्यांना!" असं म्हणत त्याने मागे न बघता खांदे जरासे सैल सोडले, आणि कोट घसरून पडायच्या आत जाईल्सने तो दोन्ही हातांनी झेलला. खुंटीला अडकवला. बाहीवरचा एक केसही काढला.

हेस्टर हे वर्षानुवर्षं बघत आली होती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला वाटलं होतं, काय प्रेमळ भाऊ आहेत. मग सासूबाईंचा पियानो ऑब्रीकडे गेला, नदीकाठचं कुरण ऑब्रीच्या वाटणीला गेलं, हेस्टर आणि जाईल्सच्या लग्नाचा दिवससुद्धा वकील ऑब्रीच्या कोर्टाच्या तारखा बघून ठरला. प्रत्येक वेळी जाईल्सचं तेच, "हो, ऑब्री." मग तिला तो कोट खुपायला लागला.

"काय गं हेस्टर," ऑब्री हात चोळत म्हणाला, "गुरुवारी शाळेत जाऊन आलीस म्हणे. सांगितलं असतंस तर गाडी पाठवली असती."

"गाडी आमच्याकडे आहे, ऑब्री."

"ती? तिला मी गाडी म्हणत नाही, चाकांचं खुराडं म्हणतो."

"खुराडं म्हणा नाहीतर काही. तुम्ही मात्र तिच्यातल्या कोंबड्यांची अंडी दर महिन्याला घेऊन जाता."

सिसिली खळखळून हसली. ऑब्रीही हसला. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर हेस्टरला झोप तरी लागली असती.

रोलो मागे उभा होता. सोळा वर्षांचा, एकदम उंच झालेला, आपली कोपरं कुठे ठेवायची ते न कळणारा. नेड त्याच्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू चर्चमधलं संताचं चित्र कोट घालून दारात आलंय.

*

कोकराची तंगडी टेबलावर आली. जाईल्सने सुरी उचलली, पहिला काप काढला.

"अरे, आडवा नाही, तिरपा," ऑब्री म्हणाला. "दे इकडे."

जाईल्सने सुरी दिली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या कळपातल्या कोकराची. हेस्टरने पुदिन्याची वाटी जरा जोरातच खाली ठेवली.

"तर," मांस वाढता वाढता ऑब्रीने विषयाला हात घातला. "लोव्हेल माणूस चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. भेकांवर पुस्तक लिहितोय. पण हाऊस म्हणजे काय भेकांचं डबकं?"

"आपले वडील म्हणायचे," सिसिलीने री ओढली, "डेंटची मुलं नदीवर पोहायला जाताना टॉवेल घेऊन जातात."

"मग ब्रॅकेटची कशाने पुसतात?" हेस्टरने विचारलं.

"पुसत नाहीत," रोलो प्रामाणिकपणे म्हणाला. "वाळतात."

नेड फिसकन हसला. ऑब्रीने पोराकडे कौतुकाने पाहिलं, मग हेस्टरकडे वळला, आणि त्याचा आवाज खरोखरच मऊ झाला. "हे बघ हेस्टर. आई म्हणून तुला काय वाटतं ते मला कळतं. पण परक्या पोरांच्यात एकटं टाकण्यापेक्षा आपल्या माणसात गेलेलं बरं नाही का? रोलो तिथे आहे. तो नेडचा पाठीराखा होईल. हाऊसच्या कॅप्टनला सांगूनही ठेवलंय त्याने."

"हो काकू," रोलो म्हणाला. "मी नेडला सगळं पाठ करून घेईन. काळजी करू नका."

टिली आईच्या मांडीवर बटाटा कुस्करत होती. हेस्टरने तिचा हात पुसला, हळूहळू, एकेक बोट. पाठीराखा म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. या घरात ते कोणाला ठाऊक नव्हतं? ब्रॅकेटमध्ये नव्या मुलाला एक मोठा मुलगा नेमून देतात. घरातलं कोणी असेल तर तोच. हाऊसच्या खाणाखुणा, नावं, रीतीभाती सगळं त्याने नव्याला शिकवायचं. मग एका रविवारी नव्याचा जाब होतो. त्याला चुलाण्यापुढच्या बाकावर उभं करतात आणि कॅप्टन प्रश्न विचारतो. उत्तर चुकलं तर छडी नव्याला नाही, पाठीराख्याला. नव्याने बाकावरून उतरायचं आणि त्याचा कोट हातात धरून उभं राहायचं. बघत.

"तुझ्या बाबांच्या जाबाची गोष्ट माहीत आहे ना, नेड?" ऑब्रीने काटा टेकवला. त्याचे डोळे चमकायला लागले. ही गोष्ट प्रत्येक सणाला यायची, जेवणातल्या शेवटच्या पक्वान्नासारखी. "हे गृहस्थ बाकावर. पाय असे लटपटताहेत, बाक खडखड वाजतोय. मी मनात म्हणतोय, बोल बाबा, काहीतरी बोल! आणि हा बोलला. अगदी खणखणीत. आणि साफ चूक! अख्खं हाऊस हसलं. मी काय करणार? उतरवला कोट, दिला याच्या हातात. काय रे जाईल्स, कोट धरताना तुझे हात अस्से…"

"थरथरत होते," जाईल्स म्हणाला. तो नेहमीच इथे हे दोन शब्द म्हणायचा आणि हसायचा. आजही हसला.

"पण बाबांना विचारलं काय होतं?" नेडने विचारलं.

"ते कोणाच्या लक्षात राहतंय? छडी तेवढी लक्षात राहिली!"

सगळे हसले. गोष्ट नेहमी इथेच संपत असे.

*

सिसिलीने आणलेला पाई कापला गेला, कस्टर्डचं भांडं फिरलं. मोठ्यांचं बोलणं पावसावर आणि सफरचंदाच्या सायडरच्या पिंपांवर गेलं. ऑब्रीच्या लेखी निकाल लागला होता. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला रोलोने नेडची शिकवणी सुरूही केली होती.

"पहिल्या वर्षी कुठल्या दारातून जायचं नाही?"

"नदीकडच्या."

"शाब्बास. खिशात हात कधी घालायचे?"

"तिसऱ्या वर्षी."

"अरे, तुला तर सगळं येतंय! बरं, अंगणातली घंटा कुठली?"

"वादळात बुडालेल्या जहाजावरची," नेड जोरात म्हणाला. "खलाशी बुडाले, घंटा वाचली."

"मेलो!" रोलोने कपाळावर हात मारला आणि टेबलावर आडवा झाला. "गेली माझी पाठ! अरे, गिरणीची. पुरात वाहून गेलेल्या गिरणीची. जहाजाची घंटा वेगळी, ती शाळेच्या चॅपलची. कोणी सांगितलं तुला हे?"

"सिसिलीआत्याने. मी लहान होतो तेव्हा, झोपाळ्यावर."

"मी काही चुकीचं सांगितलेलं नाही," सिसिली चमचा चाटत म्हणाली. "अख्खं मला अजून पाठ आहे. दार नदीकडचं, खिसे तिसऱ्या वर्षी, घंटा जहाजावरची. ऑब्री जाईल्सकडून बागेत घोकून घ्यायचा, तेव्हा मी शेजारी टोपलीपाशी बसलेली असायचे. सात वर्षांची होते. खलाशांसाठी मी रडले होते, आठवतं ना रे, ऑब्री? तू मला सफरचंद दिलंस. गिरणीसाठी कोणी रडेल का?"

ती आणखी काहीतरी बोलणार होती. मग तिच्या लक्षात आलं की टेबलाभोवती कोणीच हलत नाहीये.

जाईल्सने ताटलीवरचा काटा सरळ केला. मग चमचा सरळ केला.

"तेच म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "बाकावर. जहाजावरची."

"काहीतरीच काय," ऑब्री म्हणाला. "मी असं कसं शिकवेन?"

टिलीने चमचा आपटला, तो हेस्टरने काढून घेतला.

"मी असं शिकवेन?" ऑब्रीने पुन्हा विचारलं, या वेळी बहिणीला. वकिलाचा आवाज होता, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

सिसिली नेहमी मोठ्या भावाच्या बाजूने असायची. पियानोच्या वेळी होती, कुरणाच्या वेळी होती. तिने ताटली बाजूला सरकवली. "त्या वर्षी मी दोनच गोष्टी पाठ केल्या, ऑब्री," ती हळूच म्हणाली. "एक प्रभूची प्रार्थना, आणि एक ते. दोन्हींतला शब्द मी कधी बदलला नाही."

ऑब्री जाईल्सकडे वळला. "तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. घंटा घासायचं काम नव्या मुलांकडेच असतं. कडेला गिरणीवाल्याचं नाव कोरलंय. पितळेचं पॉलिश लावलं की दिसतं."

"आणि तू बोलला नाहीस. आजवर."

"कोट माझ्या हातात होता, ऑब्री." जाईल्सचा आवाज अगदी साधा होता, वासराला ताप आहे हे सांगताना असतो तसा. "तुझी पाठ फुटत होती आणि तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. मी रडू नये म्हणून. त्यानंतर तुला कुठल्या तोंडाने म्हणू, की चूक तुझी होती?"

खिडकीबाहेर कोंबडी ओरडत होती, नुकतं अंडं घातल्यासारखी.

"वळ माझ्या पाठीवर होते," ऑब्री म्हणाला. ते तक्रारीसारखं नाही, विनवल्यासारखं आलं. "तेवढे तरी खरे होते, जाईल्स."

"खरे होते. म्हणून तर."

त्याने काटा पुन्हा सरळ केला. पण हेस्टरला त्या अपुऱ्या वाक्यात पियानो ऐकू आला, कुरण दिसलं, आणि दारातला तो कोट. तिला नवऱ्याची दया आली, आणि त्याच वेळी एक बारीकशी कळही उठली. तेरा वर्षं ती या माणसाच्या उशीला उशी लावून झोपली होती. त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

"पण बाबा, कोणीही चुकतं," रोलो मध्येच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. आपल्याकडून काय झालं तेच त्याला उमगत नव्हतं. "आणि नेड चुकला तरी मी खाईन की छडी. त्यात काय एवढं?"

"तू खाशील, रोलो," हेस्टर म्हणाली. तिने हात लांब करून त्याच्या मनगटावर ठेवला. "हसत खाशील. मला माहीत आहे, राजा. मला त्याचीच भीती वाटते."

"म्हणजे?"

"नेडने स्वतः मार खाल्ला तर मी औषध लावेन. चार दिवसांत बरा होईल. दुसऱ्याने त्याच्यासाठी खाल्लेल्याला काय लावू?"

ऑब्रीने तिच्याकडे पाहिलं. प्रथमच, असं तिला वाटलं. मग त्याने सुरी उचलली, तंगडीकडे पाहिलं, आणि ती जाईल्सच्या ताटलीशेजारी परत ठेवून दिली.

जाईल्स उठला. दारालगतच्या बोळकंडीत गेला. टेलिफोनचा रिसीव्हर उचलल्याचा, आणि मग एक्स्चेंजवरच्या बाईंशी बोलल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मिस प्यू? ईस्टरच्या दिवशी त्रास देतोय. शाळेचा नंबर… नाही, ब्रॅकेट नाही. डेंट. हो हो, डेंटच म्हणालो मी." थोडी शांतता. "मिस्टर लोव्हेल? जाईल्स थर्लो बोलतोय."

हेस्टरने डोळे मिटून घेतले. एवढंच तर तिला हवं होतं, पण आता आनंद कुठे होता? घाव घालायला हात उगारावा आणि समोरचा स्वतःहूनच खाली बसावा, तसं तिचं झालं.

*

चहाला ऑब्री आणि रोलो थांबले नाहीत.

बोळकंडीत ऑब्री खुंटीसमोर उभा राहिला, सगळ्यांकडे पाठ करून, खांदे जरासे मागे टाकून. नेहमीच्या सवयीने. मागून कोट येणार होता. जाईल्स टेलिफोनपाशी उभा होता, हात रिसीव्हरवर टेकलेला, जणू फोन अजून पुरता ठेवून झालेला नाही. तो हलला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो हलला नाही.

ऑब्री क्षणभर तसाच राहिला. मग त्याने स्वतःच हात वर केला, कोट काढला. डावी बाही सापडेना. अस्तर उलटं झालेलं. मोठा, भारदस्त माणूस बोळकंडीत स्वतःभोवती फिरत होता आणि बाही त्याला चुकवत होती. हेस्टरचं पाऊल नकळत पुढे पडलं. सिसिलीने तिचं कोपर धरलं.

"राहू दे," ती कुजबुजली. "शिकेल."

बाही सापडली. ऑब्रीने बटणं लावली, एक वर एक खाली. दारात जाऊन तो थांबला. "जाईल्स," तो म्हणाला, "तिरपा नाही, आडवाच बरोबर होता काप. मांस तुटलं माझ्याने."

"चव चांगली होती," जाईल्स म्हणाला.

एवढंच झालं. माफी म्हणावी तर एवढीच, आणि ती त्या घराण्याला पुष्कळ होती.

आणि तेव्हा हेस्टरने वळून पाहिलं. खुंटीच्या दुसऱ्या टोकाला नेड टाचा उंचावून उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत रोलोचा कोट होता, खांद्यांच्या शिवणीपाशी धरलेला, आतली बाजू समोर, बाह्या मोकळ्या. कसा धरायचा ते त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. रोलोने न बघता हात मागे केले, आणि कोट त्याच्या अंगावर बिनचूक बसला.

*

दिवस मावळायच्या आत कोंबड्या कोंडायच्या असतात. हेस्टरने टिलीला सिसिलीकडे सोपवलं आणि नेडला हाक मारली. दोघं बागेतून खाली चालत गेले. गवत ओलं होतं. वरच्या बांधावर जाईल्स एकटाच कुंपण तपासत हिंडत होता. त्या कुंपणात तपासण्यासारखं काही नव्हतं, पण तिने त्याला हाक मारली नाही.

"शूऽ, शूऽ," नेडने पांढरीला फळीवरून आत ढकललं. "आई, मी डेंटमध्ये जाणार ना आता?"

"हो."

"नक्की?"

"बाबांनी शब्द दिलाय."

त्याने कोंबड्या मोजल्या, एक चुकली, पुन्हा मोजल्या. हेस्टर त्याच्या मानेवरची कोवळी लव बघत होती. गुरुवारी तिने याला तळ्यावर नेलं, आज त्याच्या डोक्यावरून सगळं टेबल भांडलं, फोन झाला, शब्द दिला गेला. आणि या सगळ्यात एकदाही, कोणीही, तिनेसुद्धा, त्याला विचारलं नव्हतं. हे आत्ता, हातात खुराड्याची कडी धरल्यावर तिच्या ध्यानात आलं.

"तुला ब्रॅकेटला जायचं होतं का रे?"

नेडने खांदे उडवले. "तिथे रोलो होता." मग थोड्या वेळाने, "डेंटमध्ये जाब असतो?"

"असतो. पण मिस्टर लोव्हेल म्हणाले, चुकलं तर परत पाठ करायचं नि परत यायचं. बस."

"मग पाठीराख्याला छडी?"

"नाही. तिथे कोणालाच छडी मारत नाहीत."

तिला वाटलं होतं, हे ऐकून त्याचा चेहरा खुलेल. गुरुवारपासून ही एक गोष्ट तिने त्याच्यासाठी जपून ठेवली होती, वाढदिवसाच्या भेटवस्तूसारखी. नेडने दाराची फळी सरकवली. कडी तिच्या हातातून घेतली, लावली, ओढून पाहिली. मग तो वळला. बांधावर उभ्या बापाकडे त्याने एकदा पाहिलं, आणि मग तिच्याकडे, अगदी शांतपणे, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं.

"मग आई, तिथे माझं कोण आहे, हे मला कळणार कसं?"